आकाशगंगेचा तो ‘फोटो’

चक्राकार आकाशगंगा, त्यावर बाण आणि ‘आपण इथे आहोत’. हे चित्र खरा फोटो म्हणून वर्षानुवर्षं फिरतंय, अगदी बेळगाव-खानापूरच्या शाळांच्या ग्रुपांवरही. तो फोटो नाही. चित्र इतकं रेखीव असतं की तसं वाटणं साहजिक आहे.

आपली आकाशगंगा सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं रुंद आहे (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर). तिचा असा फोटो काढायचा तर यानाला तिच्या बाहेर, हजारो प्रकाशवर्षं दूर जायला हवं. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 हे यान अजून एक प्रकाशवर्षही गेलेलं नाही. म्हणजे हे चित्र ताऱ्यांची अंतरं आणि हायड्रोजनच्या रेडिओलहरी मोजून काढलेलं आहे. बाण मात्र साधारण योग्य जागी असतो: मध्यापासून सुमारे 26,000 प्रकाशवर्षं दूर, चक्राच्या एका छोट्या भुजेत (फाट्यात).

आपण मध्यावर नाही, हे स्वतः पडताळता येतं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, अमावास्येच्या आसपास, जांबोटी-कणकुंबीकडे शहराचा उजेड मागे टाकून उभे राहा. अंधार पडताच नैर्ऋत्येला धनु राशीत आकाशगंगेचा पट्टा रुंद आणि दाट दिसतो. केंद्र त्याच दिशेला आहे. जानेवारीत रात्री मृग नक्षत्राशेजारून जाणारा तोच पट्टा बघा, कसाबसा जाणवतो. आपण मध्यावर असतो, तर तो सगळीकडे साधारण सारखाच दिसला असता.