धमनी हाडासारखी का वागू लागते?

मार्च १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली गेली. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या या युक्तीमुळे एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा डायलिसिस देता येऊ लागले. मूत्रपिंडे निकामी होऊनही शील्ड्स ११ वर्षे जगले. १९७१ मध्ये ते गेले ते हृदयविकाराच्या झटक्याने. १९७४ मध्ये स्क्रिब्नर आणि सहकाऱ्यांनी आपल्याच जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासून लिहिले, की दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या धमन्या फार झपाट्याने खराब होत आहेत. स्वतःच्या यशाकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणारे डॉक्टर मला फार मोठे वाटतात.

धमन्यांत कॅल्शियम साचते, हे तेव्हाही नवे नव्हते. १९०३ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान मेंकेबर्ग यांनी धमनीच्या मधल्या, स्नायूंच्या थरातल्या कॅल्शियमचे वर्णन केले होते. कोलेस्टेरॉलचा थर आतल्या बाजूला साचतो, नळीची वाट अरुंद करतो. मधल्या थरातले कॅल्शियम वाट फारशी अडवत नाही, पण नळीची लवचीकता काढून घेते. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसेच हे वयोमानाने होत असणार, असे बहुतेकांनी बराच काळ धरून चालले.

हा समज १९९० नंतर मोडला. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना माणसाच्या कडक झालेल्या धमनीत हाड घडवण्याचा संदेश देणारे प्रथिन सापडले. १९९७ मध्ये एक विशिष्ट संरक्षक प्रथिन नसलेले उंदीर जन्माला घातले गेले. त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरून फुटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आतच मेले. म्हणजे कॅल्शियम साचू नये यासाठी शरीर रोज राबत असते. ते राबणे थांबले, की धमनी टिकत नाही.

अन्नातून येणारे जास्तीचे फॉस्फेट मूत्रपिंडे बाहेर टाकतात; ती निकामी झाली, की ते रक्तात साचते. धमन्यांच्या दुखण्याशी या फॉस्फेटला जोडणारा धागा २००० मध्ये पुन्हा सिएटलमध्येच हाती लागला. वॉशिंग्टन विद्यापीठात सेसिलिया जियाचेली यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या धमनीतल्या स्नायूपेशी वाढवल्या होत्या. फॉस्फेट निरोगी रक्ताइतके होते तोवर त्या शांत राहिल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांत दिसते तितके वाढवताच त्यांच्याभोवती कॅल्शियम जमू लागले. पेशी एका खास वाहक प्रथिनामार्फत फॉस्फेट आत ओढत होत्या, स्नायूची ओळख टाकत होत्या आणि हाड घडवणारी जनुके चालू करत होत्या.

साखरेची वाट निराळी आहे. रक्तात ग्लुकोज सतत जास्त राहिले, की ते प्रथिनांना चिकटते. १९६८ मध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये जो वेगळेपणा दिसला, त्यातूनच गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी आजची एचबीएवनसी तपासणी आली. धमनीच्या भिंतीतली टिकाऊ प्रथिनेही अशीच साखरेने एकमेकांना जखडली जातात आणि भिंत ताठरते. शिवाय जास्त ग्लुकोजमध्ये ठेवलेल्या स्नायूपेशी हाडाच्या दिशेने झुकतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मधुमेहाने मूत्रपिंडे गेली, की फॉस्फेटही बाहेर पडेनासे होते. एकाच धमनीवर दोन्ही मारे होतात.

उपचारांचा इतिहास मात्र वाचताना जीव हळहळतो. अन्नातले फॉस्फेट आतड्यातच अडवण्यासाठी आधी ॲल्युमिनियमची औषधे दिली. त्यांनी हाडांना आणि मेंदूला इजा केली. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्या घेणाऱ्यांच्या हृदयधमन्यांतले कॅल्शियम वाढत गेले. फॉस्फेट अडवणारे सेव्हेलॅमर हे कॅल्शियमविरहित औषध घेणाऱ्यांत ते तसे वाढले नाही.

पायाच्या एक्स-रेत अशा धमन्या रेल्वेच्या रुळांसारख्या दिसतात. घोट्याशी पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर ताठ धमनी दाबली जात नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. मधुमेहींच्या पायाच्या जखमेत म्हणून पायाच्या बोटातला रक्तदाब वेगळा मोजतात.