पार्श्वभूमी : नांदूरमधमेश्वरचा गाळ आणि गोदेतल्या पाणवेली

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिक शहरातल्या पाणवेली (जलपर्णी) गोदावरीतून खाली सुटतात. सायखेड्याच्या पुलाला त्यांचा हिरवा तटबंद गठ्ठा अडकतो, पाण्याला फुगवटा येतो आणि काठच्या गावांची धावपळ उडते. जे सुटतं ते पुढे नांदूरमधमेश्वरला जातं.

निफाड तालुक्यातला हा बंधारा इंग्रजांनी गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, तो कालव्यांसाठी. पक्षी कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. नद्यांनी गाळ आणला, जलाशय उथळ झाला, मध्ये बेटं उभी राहिली, कडेला पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. बदकं, करकोचे, चमचे या पक्ष्यांना मात्र असंच गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नाव जाहीर झालं. तरी पाण्याची पातळी आजही कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेल्या पाण्यावर हलते, हे चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर दुर्बीण लावणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

पाणवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली, आणि 1936 मध्ये तिथे तिच्याविरुद्ध कायदाच करावा लागला. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते; बी गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. म्हणून वरवर उपसून ती संपत नाही.

सगळ्याच पक्ष्यांचं तिच्याशी वाकडं आहे असंही नाही. कमळपक्षी लांब बोटांवर तिच्या पानांवरून आरामात चालतो, जांभळ्या पाणकोंबडीला तिच्यात आडोसा मिळतो. पण छप्पर दाट झालं की ऊन तळापर्यंत पोचत नाही, बुडीत वनस्पती मरतात, कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. त्या वनस्पतींवर जगणारे वारकरी पक्षी (कूट) आणि मोकळं पाणी लागणारी थंडीतली बदकं मग दुसरीकडे जातात.

तिच्या मायदेशातले, तिचीच पानं कुरतडणारे सोंडकिडे 1980च्या दशकात भारतात सोडले गेले. त्यांचं काम संथ, आणि पुरात पाणवेलीसोबत तेही वाहून जातात. रामसरच्या नोंदीत या जागेचे धोके सांगताना पाणवेलीच्या बरोबरीने घरगुती सांडपाणी आणि पाण्याचा उपसाही लिहिलेला आहे.