डोक्यावर किती उन्हाळे?

एप्रिलच्या दुपारी बेळगावात गोगटे सर्कलच्या सिग्नलला थांबलेल्या एखाद्या स्कूटरवालीकडे पाठीमागून बघा. हेल्मेटच्या कडेखालून डोकावणारे केस काळेभोर असतात, आणि पाठीवर लोंबणारा शेपटा मात्र खाली खाली तांबूस होत गेलेला असतो. शेवटची चार बोटं तर सरळ तपकिरीच. घरी यावर ठरलेलं निदान असतं, 'तेल लावत नाहीस, म्हणून.' पण वरचे केस आणि खालचे केस एकाच डोक्याचे, एकाच तेलावर वाढलेले. फरक आहे तो वयाचा आणि उन्हाचा.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब वेणीचं टोक अडीच वर्षांचं असतं, आणि कमरेखाली पोचलेल्या सत्तर सेंटिमीटरच्या केसाचं टोक जवळपास सहा वर्षांचं. जिवंत पेशी असतात त्या फक्त टाळूच्या आत, मुळाशी. बाहेर आलेला केस मृत असतो, त्यामुळे त्याला झालेली इजा शरीर भरून काढत नाही. कातडी उन्हानं करपली तर महिन्याभरात नवी येते. केसाला ती सोय नाही. म्हणून पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर 'किती लांब ठेवू?' असं विचारतात, त्याचा शास्त्रीय अर्थ 'मागचे किती उन्हाळे डोक्यावर ठेवू?' असा होतो. रंगाचा प्रश्नही याच एका सेंटिमीटरवर येऊन थांबतो, पण ते पुढे.

आधी आपल्या उन्हाबद्दल. 'बेळगावात कुठलं आलंय ऊन, आमच्याकडं वारं गार असतंय की,' हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायला बरं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे हवा पुण्या-सोलापूरपेक्षा सुसह्य वाटते हे खरं. पण अतिनील किरणांना हवेच्या तापमानाशी देणंघेणं नसतं. सूर्य किती डोक्यावर आहे आणि वर हवेचा थर किती जाड आहे, यावर त्यांची तीव्रता ठरते. उंची हजार मीटरनं वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. शिवाय आपण जवळपास सोळा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अक्षरशः माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच जाते. गार वाऱ्यामुळे घाम येत नाही, म्हणून माणूस सावली शोधत नाही. निपाणी-चिकोडीकडे रखरखीत उन्हात लोक निदान टॉवेल तरी डोक्यावर टाकतात.

आता केसाच्या आत काय होतं ते. केसाच्या बाहेरच्या बाजूला पाच ते दहा पातळ पापुद्र्यांचे थर असतात, कौलारू घरावर एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे, टोकं केसाच्या शेंड्याकडे केलेली. आतल्या गाभ्यात केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि त्यांच्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण विखुरलेले. गंधकाचे बंध या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात, केसाची ताकद त्यांतच असते. ऊन पडलं की मेलॅनिन बरीचशी किरणं स्वतः शोषून घेतं आणि प्रथिनाला वाचवतं, पण त्या कामात स्वतः हळूहळू मोडत जातं. आपल्या केसांतला गडद रंगकण विरत गेला की मागे उरते ती तांबूस छटा. म्हणजे शेपटाचं तांबूस टोक ही मेलॅनिननं भरलेली किंमत आहे. पांढऱ्या केसात हा पहारेकरीच नसतो, म्हणून ऊन थेट प्रथिनावर पडतं आणि केस कोरडा, पिवळट होतो. पांढरे केस मिरवणाऱ्यांनी टोपी घालावी असं मी म्हणतो, ते याचसाठी.

कटकडे येऊ. खांद्याच्या जरा खाली संपणारा केस म्हणजे साधारण दोन ते तीन वर्षांचा माल. उन्हात रोज फिरणाऱ्या बाईसाठी हा चांगला हिशेब आहे: वेणी किंवा अंबाडा घालता येतो, तो हेल्मेटखाली किंवा ओढणीत मावतो, आणि टोकांना सोसावे लागलेले उन्हाळे मोजकेच. कडा सरळ ठेवणारा ब्लंट किंवा हलका यू कट वाढतानाही आकार सोडत नाही. बारीक बारीक लेयर काढले की पहिले काही आठवडे केस फुललेले दिसतात, पण त्यात टोकांची संख्या वाढते आणि प्रत्येक टोक उन्हाला, वाऱ्याला, हेल्मेटच्या घासण्याला उघडं पडतं. रेझरनं तिरके तासलेले शेंडे तर आणखी लवकर फाटतात, कारण पापुद्रे लांबवर सोलले गेलेले असतात. केस विरळ किंवा रुक्ष असतील तर कात्रीनंच कापा म्हणून सांगावं.

कपाळावर झुलणाऱ्या बटा मात्र इथल्या पावसाचा विचार न करता कापू नयेत. केस हवेतलं पाणी पितो. पूर्ण भिजला की त्याची जाडी पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढते, लांबी जेमतेम दोन टक्के. १७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं याच गुणावर माणसाचा केस ताणून हवेची आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं होतं. जूनपासून पुढे खानापूरच्या बाजूनं येणारी ती चिंब हवा हेच यंत्र प्रत्येकाच्या कपाळावर चालवते. केस जात्याच कुरळे असतील तर ते कोरडे असताना कापून घेणं शहाणपणाचं, कारण ओला केस सरळ आणि लांब दिसतो आणि वाळल्यावर दोन बोटं वर जातो.

पुरुषांच्या बाबतीत शुद्ध गणित आहे. कानाच्या वर एक नंबरची मशीन फिरवली की तीन मिलिमीटर केस उरतात. पंधरा दिवसांत त्यात पाच मिलिमीटरची भर पडते, म्हणजे ते जवळपास तिप्पट होतात आणि फेडची, म्हणजे खालून वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटची, रेघ बुजून जाते. तेच कात्रीनं चार सेंटिमीटर ठेवलेले केस पंधरा दिवसांनी साडेचार होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. 'मेंटेनन्स नको' म्हणून फेड मारून घेणारी पोरं खरं तर सगळ्यात जास्त मेंटेनन्सचा कट निवडतात. पण हे त्यांना कोण सांगणार!

उन्हाळा आला की 'बारीक कर, डोकं गार राहील' ही मागणीही तपासून घ्यावी. २०२३ साली तापमान मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळे टोप चढवून, वरून सूर्यासारखे दिवे लावून प्रयोग झाला. केसांचा टोप असताना टाळूपर्यंत पोचणारी उष्णता टकलापेक्षा कमी भरली, आणि घट्ट कुरळ्या केसांत ती सगळ्यात कमी. सावलीत मात्र केस उष्णता बाहेर पडायला अडवतात. म्हणजे पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला बारीक केस सोयीचे. शेतात किंवा फील्डवर काम असेल तर वर दोन-तीन सेंटिमीटर तरी ठेवावेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधले रिक्रूट तासलेल्या डोक्यानं मैदानावर धावताना दिसतात, त्यामागं शिस्त आणि स्वच्छता आहे, गारवा नव्हे.

रंगाचं रसायन जरा गमतीचं आहे. कायमचा रंग म्हणून जो मिळतो, त्याच्या ट्यूबमध्ये रंग नसतोच. अमोनिया किंवा तत्सम अल्कली पापुद्रे उचकटते, लहान लहान बिनरंगी रेणू आत शिरतात, आणि डेव्हलपरमधला, म्हणजे रंगात मिसळायच्या दुसऱ्या बाटलीतला, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना केसाच्या आतच एकमेकांशी जोडून मोठे, रंगीत करतो. मोठे झालेले रेणू मग बाहेर पडू शकत नाहीत. ही युक्ती व्यापारात आणली फ्रेंच रसायनतज्ज्ञ यूजीन शुलेर यांनी, १९०७ च्या सुमाराला. त्यांचीच कंपनी पुढे लॉरिआल झाली. पेरॉक्साइडच्या बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के. आकडा जितका मोठा, तितकं स्वतःचं मेलॅनिन जास्त विरघळतं आणि गंधकाचे बंधही जास्त तुटतात. थोडक्यात, ४० व्हॉल्यूम उन्हाचंच काम करतं, फक्त वर्षांऐवजी मिनिटांत.

खडेबाजारातल्या एका पार्लरमध्ये शेड कार्डवर बोट ठेवून काम करणारी ताई गिऱ्हाइकाला सांगत होती, 'बरगंडी आत काळाच दिसतोय बघा अक्का, भायर उन्हात गेलं की लाल मारतोय.' तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे. काळ्या केसावर चढवलेला रंग केस उजळ करत नाही. परत येणाऱ्या थोड्याशा प्रकाशातून काही छटा तेवढ्या कमी करतो. ट्यूबलाइटखाली परत येणारा प्रकाशच इतका थोडा असतो की डोळ्याला सगळं काळं वाटतं. बाहेरचा सूर्यप्रकाश त्याच्या शेकडो पट असतो, तेव्हा लाल उठून दिसतो. म्हणून शेड कार्ड घेऊन दुकानाच्या दारात यावं आणि दिवसाच्या उजेडात ते भुवईशेजारी धरून बघावं. भुवई आपण रंगवत नाही, त्यामुळे चेहऱ्याचा मूळ काळेपणा तीच सांगते. तिच्यापासून एक-दोन पायऱ्यांच्या आत राहिलेला रंग चेहऱ्यावर बसतो, त्यापलीकडचा टोपासारखा वेगळा पडतो.

याला जुनं शास्त्र आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात पडदे विणताना काळी रंगाई फिकी येते अशी तक्रार आली. रंगाई बघणारा रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यानं तपासलं तर काळा रंग उत्तम होता. निळ्या-जांभळ्या धाग्याशेजारी तो फिका *दिसत* होता. शेजारचे दोन रंग एकमेकांना बदलतात, हा नियम त्यानं १८३९ साली मांडला. शहापूर-वडगावच्या विणकराला हे पुस्तकात वाचावं लागत नाही, काठाचा रंग बदलला की अंगाचा रंग फिरतो हे तो रोज मागावर बघतो. केस म्हणजे चेहऱ्याचा काठ. पन्नाशीनंतर गडद निळसर काळा डाय लावला की शेजारची कातडी जास्त फिकट आणि प्रत्येक सुरकुती जास्त ठळक दिसते. त्यापेक्षा गडद तपकिरी बरा. गव्हाळ रंगाला पिवळट सोनेरी हायलाइट क्वचितच शोभतात, कॉफी किंवा चेस्टनटकडे झुकणारे जास्त खुलतात. हे शेवटचं माझं मत आहे, नियम नव्हे.

आणि परत तो एक सेंटिमीटर. मुळापासून पूर्ण डोकं उजळ केलं तर महिन्याभरात भांगात एक सेंटिमीटर काळा पट्टा येतो आणि पार्लरची फेरी ठरलेली. रंग कानाच्या खालून, हातानं ओढून सुरू केला, ज्याला बालायाज म्हणतात, तर मुळं वाढली तरी रेघ पडत नाही, पाच-सहा महिने निभतात. शिवाय आपली टोकं उन्हानं आधीच तांबूस झालेली असतात. त्यांच्याच जवळची छटा निवडली तर पेरॉक्साइड कमी लागतं. रंगाचा खरा शत्रू मात्र ऊन नव्हे, पाणी. रंग बराचसा धुण्यातच जातो, ऊन त्याला हातभार लावतं. शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचं पाणी येतं, पण घरोघरी बोअरही आहेत. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ब्लीच केलेल्या केसाला जास्त चिकटतं, कारण तुटलेल्या बंधांच्या जागी ऋण भार तयार झालेला असतो. नळाचं पाणी येईल त्या दिवशी केस धुवावेत, निदान शेवटचे दोन तांबे तरी त्याचेच घ्यावेत. धुण्याआधी खोबरेल लावलं तर प्रथिनं कमी वाहून जातात, असं २००३ साली मुंबईत झालेल्या अभ्यासात दिसलं. सूर्यफुलाच्या तेलानं तसा फायदा झाला नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला होता, हेही लक्षात ठेवावं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं.

पारंपरिक मेंदी पापुद्रे उचकटत नाही. तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य थेट केराटिनला चिकटतं आणि पांढरा केस नारिंगी-लाल होतो. काळी मेंदी नावाची पुडी हे निराळं प्रकरण आहे. मेंदीच्या पाल्यातून काळा रंग येत नाही, त्यामुळे पुडीत बहुतेक वेळा पीपीडी हेच डायमधलं रसायन मिसळलेलं असतं, आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते: कपाळ, पापण्या सुजून डोळे मिटतात. लग्नसराईत बऱ्याच घरांत ही पुडी हळदीच्या आदल्या दिवशी फुटते. कुठलाही डाय किंवा काळी मेंदी लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघायची असते, म्हणजे हळद शनिवारी असेल आणि डाय शुक्रवारी लावायचा असेल, तर चाचणी बुधवारी.