गवत धरतं कोण? मराठवाड्याच्या माळावर ड्रम मोअर निवडताना

परतीचा पाऊस उघडला की बालाघाटाच्या माळांवर आणि गावोगावच्या गायरानांत गवत कापायला फार थोडे दिवस हाती राहतात. पवना आणि मारवेल ही गवतं फुलोऱ्यात असतात तेव्हाच त्यांच्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात. बी धरून गवत पिवळं पडलं की कस उतरतो आणि नुसती काडी उरते. कुसळीचं त्याहून अवघड, कारण तिची कुसळं जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या कातडीत रुततात. म्हणजे कापणी वेळेवरच व्हायला हवी, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी चालू असल्याने मजूर मिळत नाहीत. २०१३ किंवा २०१९ चा उन्हाळा ज्यांनी चारा छावणीत जनावरं बांधून काढला, त्यांना वाळल्या वैरणीच्या एका गंजीचं मोल वेगळं सांगायला नको.

ट्रॅक्टरला जोडायचा ड्रम मोअर या कामाला चांगला आहे. मात्र घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो रुंदी किती आणि एचपी किती लागेल हा. माझ्या मते हे यंत्र गवत कापतं कसं, ते आधी समजून घ्यावं. बाकीची निवड त्यातूनच निघते.

विळ्याने कापताना डाव्या हाताची मूठ गवत धरते आणि उजवा हात पातं ओढतो. कटर बारच्या यंत्रात दातेरी पट्टी मागे-पुढे सरकते. तिथे मुठीचं काम खालची स्थिर बोटं करतात. काडी दोन धारांमध्ये सापडते आणि कातरली जाते. ड्रम मोअरमध्ये मात्र गवत धरणारं काहीच नसतं. दोन मोठे ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, प्रत्येकाच्या खालच्या कडेला बहुधा तीन छोटी पाती सैल अडकवलेली असतात, आणि ती उभ्या काडीवर नुसती आदळतात. काडीचं खालचं टोक मुळाने धरलेलं असतं आणि वरचा भाग स्वतःच्या जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहतो. तेवढ्या क्षणात काडी तुटली तर काप स्वच्छ येतो. पातं त्याहून सावकाश आलं तर काडी वाकते, सोलली जाते आणि मागे उभीच राहते.

सगळा खेळ वेगाचा आहे. पात्याची टोकं ८० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतात आणि ड्रम मिनिटाला १,८०० फेरे घेतो असं धरू. म्हणजे सेकंदाला ३० फेरे, आणि टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर. ताशी हिशेब केला तर २७० किलोमीटर. आता ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे जोडलेल्या यंत्राला फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिनिटाला ५४० फेरे मिळत असतील तरच ड्रमला हे १,८०० फेरे मिळतात. डिझेल वाचवायला चालकाने ॲक्सिलरेटर पाव हिस्सा कमी केला, तर पात्याचा वेगही पाव हिस्सा घटतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ती जवळजवळ निम्म्यावर येते. कापणी बिघडण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण असतं आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. चाल कमी-जास्त करायची ती गिअर बदलून. पीटीओचे फेरे पूर्णच ठेवायचे.

चाल किती ठेवावी, तेही याच हिशेबात बसतं. ताशी ८ किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर ड्रमच्या एका फेऱ्यात सात-साडेसात सेंटिमीटर पुढे जातो. तीन पाती असली की प्रत्येकीच्या वाट्याला अडीच सेंटिमीटरचा घास येतो. पातं त्याहून बरंच लांब असल्याने मध्ये काही सुटत नाही. या चालीने १.६५ मीटर रुंदीचं यंत्र वळणं धरून तासाला साधारण अडीच एकर उरकतं.

कापणी नीट होते की नाही, ते कळायला मीटर लागत नाही. मागे राहिलेला सड दोन बोटांत धरून टोक बघा. टोक सपाट असेल तर वेग आणि धार दोन्ही ठीक. ते कुंच्यासारखं फिसकारलेलं असेल, तर पाती बोथट झाली आहेत किंवा फेरे कमी पडताहेत. फिसकारलेला सड लवकर वाळतो आणि मारवेलसारख्या फुटव्यांच्या गवताचा पुढचा फुटवा त्याने रखडतो.

आपल्याकडे या यंत्राचा खरा कस लावतो तो दगड. मराठवाड्यातले माळ बेसाल्टच्या खडकावर आहेत. मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि वर गुरांच्या पायांनी उघडे पडलेले गोटे. कटर बारची पट्टी अशा जागी दात मोडून घेते, नाहीतर लोळलेल्या गवतात गुंतून बसते. ड्रम मोअरचं पातं सैल असल्याने गोटा लागला की मागे वळतं आणि फिरण्याच्या जोराने पुन्हा ताठ होतं. ड्रमखाली मोकळी फिरणारी उथळ थाळी असते, सगळं यंत्र त्या थाळीवर घसरत चालतं. मोठा अडथळा आला तर कापणीचा भाग मागे झुकतो.

बाजारात डिस्क मोअरही मिळतो. त्याच्या चकत्यांना ताकद खालून, जमिनीलगतच्या चपट्या पेटीतल्या गिअरमधून मिळते. ड्रमला ती वरून, पट्टे आणि गिअरमधून येते. सपाट, दगड वेचलेल्या लसूणघासाच्या शेतात डिस्क मोअर हलका आणि चपळ पडतो. माळासाठी मी ड्रमच निवडेन. धक्का बसला तर त्याचे पट्टे घसरतात आणि गिअर वाचतात, आणि पट्टा बदलणं तालुक्याच्या गावात होऊ शकतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे ताकद. नुसत्या काडीच्या तुटण्याला फार कमी ऊर्जा लागते. कापलेलं गवत फेकण्यात आणि हवा घुसळण्यात बरीचशी ताकद जाते, म्हणून तेवढ्याच रुंदीच्या कटर बारपेक्षा ड्रम मोअरला कितीतरी जास्त ताकद हवी असते. १.३५ मीटरच्या यंत्राला साधारण २५ ते ३० आणि १.६५ मीटरच्याला ४० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर सोयीचा. दुसरं म्हणजे वजन. १.६५ मीटरचं यंत्र साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं आणि ते ट्रॅक्टरच्या मागे नसतं, उजव्या बाजूला बाहेर लटकतं. फळबागेतल्या मिनी ट्रॅक्टरला ते जोडून उतारावर वळणं धोक्याचं आहे. रोटाव्हेटर ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरलाही पुढे वजनं लावलेली बरी.

थाळी आणि पातं यांच्यातल्या चकत्या बदलून कापाची उंची ठरवता येते. माळावर ७-८ सेंटिमीटर ठेवा. त्याहून खाली गेलात तर दोन मूठ वैरण जास्त मिळेल, पण तिच्यात माती येईल, पाती गोट्यांवर घासतील आणि गवताच्या ठोंबाला इजा होईल.

कापलेलं गवत दोन ड्रमांच्या मधून मागे पडतं आणि त्याची एक जाड ओळ तयार होते. गोळा करायला ती सोयीची, वाळायला वाईट. हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असतं. गंजीत जाताना ते १५ ते १८ टक्क्यांवर यायला हवं. सुरुवातीचं पाणी पानांच्या रंध्रांतून झपाट्याने जातं, मग पान कोमेजून रंध्रं मिटतात आणि उरलेलं पाणी सालीतून सावकाश झिरपतं. ओळीच्या तळातलं गवत तोवर सावलीत, ओल्या जमिनीला टेकून पडलेलं असतं. ऑक्टोबरचं ऊन कितीही कडक असलं तरी ओळ त्याच दिवशी पसरून उलथावी लागते. मोअरच्या हिशेबात गवत पसरायचं आणि ओढायचं यंत्र, निदान दोन माणसं, धरलीच पाहिजेत. यात कंजुषी केली तर गंजी आतून तापते. ओल्या वैरणीत बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनाची उष्णता आत कोंडते आणि क्वचित गंजी आपोआप पेटतेही. तपासायची एक सोपी रीत आहे: कोरड्या काचेच्या बरणीत गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ तुकड्यांना चिकटलं किंवा त्याचे गोळे झाले तर गंजी लावायची घाई करू नका.

रब्बी ज्वारीच्या कडब्यासाठी हे यंत्र घेऊ नका. कणसं खुडायची, ताटं एका दिशेला ठेवून पेंढी बांधायची, हे आपलं काम ड्रममधून आडवीतिडवी पडलेल्या ताटांवर होत नाही. चाऱ्याचा मका, वैरणीची ज्वारी कुट्टीसाठी, लसूणघास आणि माळाचं गवत ही याची पिकं. एका शेतकऱ्याची दोन-चार एकर वैरण असेल तर विकत घेणंही परवडणार नाही. गटाने घ्यावं आणि गायरानासकट गावाचं काम काढावं.

जुनं यंत्र बघत असाल तर बंद अवस्थेत ड्रम दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. थाळी उलटून किती झिजली ते पाहा, पाती ज्या खिळ्यांवर लटकतात ते बोटाने चाचपा. पाती एका ड्रमवर सगळी एकदम बदलायची असतात, कारण १० ग्रॅमचा फरकसुद्धा या वेगाला जवळपास १४ किलोच्या भाराएवढा ओढा बेअरिंगवर टाकतो, आणि तो सेकंदाला ३० वेळा दिशा बदलत फिरतो. दोन ड्रमांची पाती डावी आणि उजवी अशी वेगळी असतात, तेव्हा सुटी पाती दोन्ही बाजूंची मिळतात का ते विचारा. चारी बाजूंचा जाड कापडी पडदा फाटका असेल तर तो नवा बसवल्याशिवाय यंत्र चालवू नका, कारण त्या पात्याने उडवलेला गोटा पन्नास पावलांवरच्या माणसालाही लागू शकतो. आणि पीटीओ बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतात. ते पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.