श्वानप्रदर्शनातील प्रवेशपात्रता

जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनात, म्हणजे सगळे ज्याला ‘डॉग शो’ म्हणतात त्यात, कुत्रा रिंगणात उतरवण्यापूर्वी पुऱ्या कराव्या लागणाऱ्या अटींना प्रवेशपात्रता म्हणतात. नोंदणी, मालकी, वय, शारीरिक स्थिती आणि जातीची मान्यता हे तिचे मुख्य विषय. कुत्रा देखणा असावा, अशी अट यांत कुठेच नाही. देखणेपण परीक्षक पाहतो, आणि त्याच्यापर्यंत पोचण्याआधी कागद तपासला जातो. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या खानदेशातील जिल्ह्यांत हौसेने कुत्री पाळणारे पुष्कळ आहेत. पण तिथे ‘जातिवंत’ हा शब्द रूप पाहून वापरतात, प्रदर्शनात तो नोंदवही पाहून वापरला जातो. मळ्यातला एखादा उमदा अल्सेशियन पुण्या-मुंबईच्या रिंगणाबाहेर राहतो तो यामुळे.

इतिहास : कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर ही शिकारी कुत्रीच होती. पुढे प्रदर्शने वाढली, तशी ओळखीची पंचाईत झाली, कारण एकाच नावाचे कितीतरी कुत्रे असत आणि कोणता कोणाचा हे सांगणे कठीण जाई. (आपल्याकडे गावोगावच्या मोती आणि टायगर यांची यादी करायला घेतली तर तीच गत होईल.) १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीची नोंदवही निघाली आणि नोंद ही प्रवेशाची अट होत गेली. १९११ मध्ये युरोपातील पाच देशांच्या श्वानसंघटनांनी फेडरेशन सिनॉलॉजिक इंटरनॅशनल, म्हणजे एफसीआय, ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. तिचे मुख्यालय बेल्जियममध्ये आहे. भारतात नोंदणीचे काम चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) पाहतो आणि तो एफसीआयशी संलग्न आहे.

प्रदर्शनाचा मूळ हेतू करमणूक नव्हता. पैदाशीसाठी कोणता नर, कोणती मादी निवडावी हे ठरवण्याची ती जागा होती. पुढे येणाऱ्या बऱ्याच अटी या हेतूतून निघालेल्या आहेत.

सारंगखेड्याचा दाखला : खानदेशाला जनावर पारखण्याची परंपरा नवी नाही. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोड्याची चाल, उंची, कान, रंग पाहतात. अंगावरचे भोवरे मोजतात. गळ्याशी देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असेल तर भाव चढतो, खोड निघाली तर उतरतो. म्हणजे जनावराचा पुरावा जनावराच्या अंगावरच असतो. श्वानप्रदर्शनात याच्या उलटे चालते. तिथे कुत्र्याच्या अंगावर शोधायचा पुरावा एकच : तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. कातडीखाली बसवलेल्या या चिपचा पंधरा अंकी क्रमांक यंत्राने वाचतात आणि प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतात. जुळला नाही, तर पुढे काही बोलायचे उरत नाही. घोड्याच्या बाजारात मुरलेल्या माणसाला ही पद्धत रुक्ष वाटते. पण देवमण बापाचे नाव सांगत नाही, हेही खरे.

नोंद आणि मालकी : सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून हे तपशिलाने. पिल्लांच्या बाजारात ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव असतात. यांतला पेपर म्हणजे केसीआयचे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर कुत्र्याचे नाव, जन्मतारीख, चिप क्रमांक आणि पूर्वजांच्या पिढ्या असतात. लसीकरणाचे पुस्तक म्हणजे पेपर नव्हे. पशुवैद्याने ‘जात : लॅब्रॅडोर’ असे लिहून दिलेला कागदही पेपर नव्हे. वेत, म्हणजे एका वेळी झालेली पिल्ले, नोंदवण्याचे काम पैदासकाराचे असते आणि त्यासाठी आई व बाप दोघेही आधी नोंदवलेले असावे लागतात. दोघांपैकी एकाची नोंद नसेल तर पिल्लू कितीही शुद्ध दिसो, त्याला वंशावळीचा कागद मिळत नाही. ‘पेपर नंतर पाठवतो’ या आश्वासनावर घेतलेल्या पिल्लाची गोष्ट म्हणून तिथेच थांबते.

कागद हाती आला तरी एक पायरी राहते. प्रमाणपत्रावर पैदासकाराचे नाव असते, ते बदलून घेणाऱ्याच्या नावावर चढवावे लागते. सातबारा आपल्या नावावर नसताना पीककर्ज मागायला जावे, तसे हे होते. घरातल्या माणसांनाही सूट नाही : नोंद वडिलांच्या नावे असेल तर प्रवेश अर्जात मालक म्हणून वडीलच हवेत. रिंगणात दोरी धरणारा मात्र कोणीही चालतो, मग तो मुलगा असो की पैसे घेऊन कुत्री सादर करणारा हँडलर.

पैदासकारावर कायद्याचीही बंधने आहेत. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. या नोंदणीचा आणि केसीआयच्या नोंदणीचा परस्पर संबंध नाही. एक असली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये.

वय : एफसीआयच्या वर्गवारीत ४ ते ६ आणि ६ ते ९ महिने पिल्ले, ९ ते १८ महिने कनिष्ठ, १५ ते २४ महिने मध्यम, १५ महिन्यांपुढे खुला आणि ८ वर्षांपुढे ज्येष्ठ असे वर्ग आहेत. विजेत्यांसाठी आणि काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी वेगळे वर्ग असून तिथे तशी प्रमाणपत्रे लागतात. देशोदेशीच्या क्लबांची वर्गवारी थोडी निराळी असू शकते, म्हणून त्या प्रदर्शनाचे पत्रक पाहावे. वय मोजायचे ते प्रदर्शनाच्या दिवशीचे, अर्ज भरल्याच्या दिवशीचे नव्हे. २० मार्चला जन्मलेला कुत्रा १५ डिसेंबरच्या प्रदर्शनात पिल्लांच्या वर्गात बसतो, २२ डिसेंबरच्या प्रदर्शनात कनिष्ठ वर्गात. अर्ज दोन्हींचे नोव्हेंबरातच भरलेले असतात. ९ ते १८ आणि १५ ते २४ हे वर्ग एकमेकांवर चढलेले आहेत, तेव्हा सोळा महिन्यांच्या कुत्र्याला कुठे उभे करायचे हे मालकाने ठरवायचे. अंगाने न भरलेला कुत्रा घाईने मोठ्यांत घालू नये, असे जाणते सांगतात.

शरीर : नराचे दोन्ही वृषण नेहमीसारखे आणि पिशवीत पूर्ण उतरलेले हवेत. एकच उतरलेला असेल तर तो कुत्रा बाद, कारण हा दोष पुढच्या पिढीत जातो. खच्चीकरण केलेल्या कुत्र्यांबाबत सर्वत्र एक नियम नाही. ब्रिटनमध्ये त्यांना प्रवेश मिळतो, अमेरिकन केनेल क्लबच्या नेहमीच्या वर्गांत मिळत नाही. आजारी, अंगावर गोचिड-पिसवा असलेला, आंधळा किंवा बहिरा कुत्रा, दिसण्याइतकी गाभण किंवा पिल्ले पाजणारी मादी यांना एफसीआयच्या प्रदर्शनात घेत नाहीत. माजावर आलेल्या मादीबद्दलचा निर्णय त्या त्या देशाच्या संस्थेवर सोपवलेला आहे. केसांचा किंवा नाकाचा रंग बदलणारे काहीही लावता येत नाही. माणसावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला परीक्षक रिंगणाबाहेर काढतो. रेबीजच्या लसीचे चालू प्रमाणपत्र सोबत लागतेच.

कान कापून उभे करणे आणि शेपूट छाटणे हा वादाचा विषय आहे. डॉबरमनचे कान उभेच असतात, असा समज खानदेशात अजून पक्का आहे. प्रत्यक्षात ते जन्मतः लोंबते असतात. प्राण्याचा अवयव छाटणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. युरोपातील अनेक देशांत असा कुत्रा प्रदर्शनात नेताही येत नाही. ‘शो क्वालिटी’ म्हणून कापलेल्या कानांचे पिल्लू कोणी विकत असेल तर हे आठवावे.

जातीची मान्यता : कुत्रा शुद्ध असून भागत नाही, त्याची जात यादीत असावी लागते. हल्ली तरुणांत फार मागणी असलेला अमेरिकन पिटबुल टेरियर एफसीआयच्या यादीत नाहीच. त्याचा भाऊबंद अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर मात्र आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ प्रकारच्या कुत्र्यांवर बंदीची सूचना देणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले.

देशी जातींची अडचण वेगळी आहे. लातूर-सोलापूरकडचा कारवानी, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, केसीआयला मान्य आहे. पण तोही एफसीआयच्या यादीत नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय किताबाची वाट त्याला बंद आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या कुत्र्यांच्या चार तिकिटांत मुधोळला जागा मिळाली होती. रिंगणात त्याचा उपयोग नाही. साक्री आणि धुळे भागातले ठेलारी मेंढपाळ वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जी कुत्री बाळगतात, त्यांना तर जातीचे नावही नाही. लांडग्याला भिडणाऱ्या या कुत्र्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या कामावरून होत आली आहे. पण लिहून ठेवलेले जातिलक्षण नाही, वही नाही, म्हणून पात्रताही नाही. ‘कागद शे का?’ (कागद आहे का?) या प्रश्नापुढे ठेलारी नुसता हसेल.

परीक्षकाने पाळलेल्या किंवा सहा महिन्यांच्या आत विकलेल्या कुत्र्याला त्याच परीक्षकापुढे उभे करता येत नाही. नियम साधा आहे, पण हौशी मंडळांच्या कार्यक्रमात तो हमखास मोडतो, कारण गावात कुत्र्यांतले जाणकार दोन आणि विक्रेतेही तेच.

हौशी आणि मान्य प्रदर्शने : तालुक्याच्या गावी एखादे मंडळ किंवा पशुखाद्याचा दुकानदार भरवतो त्या डॉग शोमध्ये कागद मागत नाहीत, लसीचे पुस्तक दाखवले की झाले. तिथे मिळालेला करंडक घरात शोभतो, पण केसीआयच्या किताबात धरला जात नाही. मान्य प्रदर्शनासाठी खानदेशातल्या मालकाला बहुधा नाशिक, पुणे, मुंबई, सुरत किंवा इंदूर गाठावे लागते. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातली पूर्ण केबिन किंवा कूपे घ्यावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्या पेटीत हस्की किंवा सेंट बर्नार्ड घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर याहून कमी उन्हातही दम लागतो. म्हणून इथले अनुभवी लोक नोंदणी, नावबदल आणि चिप ही कामे पावसाळ्यात उरकतात आणि कुत्रा बाहेर काढतात तो दिवाळीनंतर.