चंद्रोदय

चंद्रबिंबाची वरची कड पूर्व क्षितिजावर दिसू लागते तो क्षण म्हणजे चंद्रोदय. दिनदर्शिकेत त्याची वेळ रोज छापलेली असते, पण महाराष्ट्रात तिची खरी वाट पाहिली जाते ती संकष्टी चतुर्थीला. दिवसभराचा उपास चंद्रदर्शनानंतरच सुटतो, आणि संकष्टी कोणत्या दिवशी हेही चंद्रोदयावरूनच ठरते : चंद्र उगवतेवेळी कृष्ण चतुर्थी चालू असेल तो दिवस घ्यायचा. म्हणून पुष्कळदा सकाळची तिथी तृतीया असते आणि तरी संकष्टी त्याच दिवशी येते. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, चंद्राची तिच्याभोवतीची प्रदक्षिणा, पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि पाहणाऱ्याचे गाव, या सगळ्यांचा हिशेब या एका वेळेत उतरतो. शिवाय हा हिशेब बरोबर आहे की नाही, ते घड्याळ घेऊन गच्चीवर जाणाऱ्या कोणालाही पडताळता येते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून चंद्र पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळताना दिसतो. पण त्याच वेळी चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत असतो. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची एक प्रदक्षिणा २७.३२ दिवसांत पुरी होते, म्हणजे दिवसाला सुमारे १३ अंश आणि तासाला जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढे अंतर. चंद्राशेजारी एखादा ठळक तारा असेल त्या रात्री हे सरकणे साध्या डोळ्यांनी दिसते. आठ वाजता चंद्राच्या पूर्वेला असलेला तारा दहा वाजता त्याच्या बराच जवळ आलेला असतो. सूर्यही त्याच दिशेने रोज सुमारे एक अंश सरकतो, त्यामुळे चंद्र सूर्यापासून दिवसाला १२ अंशांच्या आसपास दूर जातो. चंद्रसूर्यांतल्या अंतराचे हे १२ अंश म्हणजेच एक तिथी. चंद्र पुढे गेलेला असल्याने पृथ्वीला त्याच्यासमोर यायला तेवढेच जास्त फिरावे लागते आणि चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो. तिथीच्या मापाने बोलायचे तर १२ अंश फिरायला ४८ मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका.

या क्रमाने पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास, म्हणून गोकुळाष्टमीला जन्मकाळ आणि चंद्रोदय जवळजवळ येतात. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच उगवतो. शुक्ल पक्षात तो दिवसाउजेडी वर येत असल्याने त्याचा उदय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला ‘उगवली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती प्रत्यक्षात मावळतीला लागलेली असते. आणखी एक परिणाम असा की, एका उदयापासून पुढच्या उदयापर्यंत सुमारे २४ तास ५० मिनिटे जात असल्याने प्रत्येक चांद्रमासात, बहुधा कृष्ण अष्टमीच्या आगेमागे, एक इंग्रजी तारीख चंद्रोदयाविना जाते.

पन्नास मिनिटे ही सरासरी झाली. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हा उशीर चाळीस मिनिटांच्या आतही असतो आणि कधी तासाभरापर्यंत जातो. याचे एक कारण चंद्राच्या कक्षेत आहे. ती लंबवर्तुळाकार असल्याने चंद्र पृथ्वीजवळ असताना दिवसाला १५ अंशांहून थोडा अधिक चालतो आणि दूर असताना १२ अंशही पुरे करत नाही. तिथी कधी वीस तासांची तर कधी सत्तावीस तासांच्या जवळपास जाणारी होते, आणि लागोपाठ दोन सूर्योदयांना तीच राहणारी वृद्धितिथी येते, ते यामुळेच.

दुसरे कारण अधिक सुंदर आहे, आणि ते वर्षभर चंद्र पाहिल्याशिवाय पटत नाही. चंद्राची वाट पूर्व क्षितिजाला नेहमी सारख्याच कोनात छेदत नाही. कोजागरीच्या सुमारास पौर्णिमेनंतरचा चंद्र पूर्वेकडे सरकता सरकता उत्तरेकडेही झुकत असतो. उत्तर गोलार्धात, जो गोल उत्तरेकडे असतो तो लवकर उगवतो. साहजिकच पूर्वेकडे सरकल्याने झालेल्या उशिराचा काही भाग इथे भरून निघतो. चैत्री पौर्णिमेनंतर उलट घडते : चंद्र दक्षिणेकडे उतरत असतो आणि उशिरात भर पडते. त्यात ऑक्टोबरात सूर्य लवकर मावळतो, एप्रिलात उशिरा. दोन्ही मिळून फरक असा पडतो की, मुंबईत दिवाळीआधीच्या संकष्टीला चंद्र नऊच्या आसपास दिसतो, तर एप्रिलमधल्या संकष्टीला दहाच्या सुमारास. उत्तरेकडच्या देशांत हा परिणाम फार ठळक असतो. लंडनमध्ये शरद ऋतूतल्या पौर्णिमेनंतर रोजचा उशीर वीस-पंचवीस मिनिटांवर येतो.

उदयाची दिशाही बदलते. सूर्य जे उत्तरायण-दक्षिणायन वर्षात करतो ते चंद्र सत्तावीस दिवसांत उरकतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने त्याचे ऋतू सूर्याच्या उलट चालतात : दत्तजयंतीचा चंद्र ईशान्येकडे उगवून मध्यरात्री थेट डोक्यावर येतो, तर वटपौर्णिमेचा आग्नेयेकडे उगवून दक्षिणेच्या आकाशात खालूनच निघून जातो. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी ५ अंशांनी कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांत एक फेरा घेतो. त्यामुळे चंद्र विषुववृत्तापासून काही वर्षी २८.५ अंशांपर्यंत जातो, काही वर्षी १८.५ अंशांवरूनच परततो. २०२४-२५ हा मोठ्या हेलकाव्याचा काळ होता. त्या वर्षांत दत्तजयंतीचा चंद्र मुंबईच्या माथ्याच्याही उत्तरेकडून गेला.

गावागणिक वेळ बदलते ती मुख्यतः रेखांशामुळे. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला असल्याने तिथे संकष्टीचा चंद्र सुमारे २५ मिनिटे आधी दिसतो. मुंबईची वेळ पाहून नागपुरात उपास सोडायचा तर उगाच तेवढा वेळ थांबणे आले. परदेशातल्या मराठी घरांपुढे प्रश्न मोठा असतो. तिथी सुरू होण्याचा क्षण जगभर एकच, पण चंद्रोदय ज्याचा त्याचा. म्हणून अमेरिकेत संकष्टी कधी भारतातल्या तारखेच्या एक दिवस आधी येते, आणि जूनमध्ये लंडनला चंद्रासाठी मध्यरात्रीपर्यंत थांबावे लागते.

छापील वेळ काढताना आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. हवेतल्या वक्रीभवनाने क्षितिजावरचा गोल सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. सूर्य त्यामुळे थोडा लवकर उगवतो. चंद्र मात्र इतका जवळ आहे की, पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने तो जवळजवळ एक अंश खाली दिसतो. या लंबनाचे पारडे जड पडते आणि चंद्रोदय किंचित लांबतो. उगवता चंद्र मोठा भासतो, पण तो दृष्टिभ्रम आहे. क्षितिजावरचा चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या एका त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६,४०० किमी, दूर असतो आणि बिंब मोजले तर किंचित लहानच भरते.

चंद्राचे गणित आकाशाशी जुळवण्याची धडपड महाराष्ट्रात जुनी आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (इ. स. १५२०) लिहिलेल्या ‘ग्रहलाघव’वरून इथली पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या झाली. पुढे काळाच्या ओघात गणित आणि आकाश यांत अंतर पडले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी पटवर्धनी पंचांग नव्या वेधांच्या आधारे तयार केले, त्यामागे आग्रह हाच होता की पंचांगात लिहिलेले आकाशात दिसले पाहिजे. या आग्रहाचे मोल फार मोठे आहे.

पंचांगातली वेळ सपाट, मोकळे क्षितिज धरून दिलेली असते. कोकणात पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने चंद्र दिसायला उशीर होतो. डोंगरमाथा क्षितिजापासून पाच अंश वर असेल तर वीस मिनिटांहून थोडा अधिक, आणि शहरात पूर्वेला उंच इमारत असेल तर त्याहूनही जास्त. श्रावण-भाद्रपदात ढगांमुळे चंद्र अनेकदा दिसतच नाही, तेव्हा छापील वेळ झाली की चंद्राच्या दिशेने अर्घ्य देऊन उपास सोडतात.