धूर प्यायलेला डोंगर

किंडर स्काउटच्या सर्वोच्च बिंदूवर उभ्या असलेल्या माणसाला आपण पोचलो हे कळेलच असं नाही. 636 मीटर उंचीचा हा डोंगर इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधला सर्वांत उंच, पण त्याला शिखर म्हणावं असं काही नाही. वर आहे ते लांबरुंद, जवळजवळ सपाट पठार. पायाखाली काळी ओली माती, मधूनच माणूस बुडेल एवढ्या खोल घळी, आणि त्या घळींच्या जंजाळात कुठंतरी तो सर्वांत उंच ठिपका. कडे आणि सुळके बघायची सवय असलेला भटक्या इथं 'एवढंच?' म्हणतो. लेक डिस्ट्रिक्टचे देखणे डोंगर सोडून उत्तर इंग्लंडचे हे बोडके, तपकिरी माथे मुद्दाम बघावेत असं मी म्हणतो, ते देखाव्यासाठी नव्हे. इथला खरा ऐवज पायाखाली आहे, आणि माणसानं त्याचं काय केलं व आता काय चाललंय, हे चालता चालता दिसतं.

मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणारी लोकल गाडी पाऊण तासात एडेल या चिमुकल्या स्टेशनावर सोडते. पेनाइन या उत्तर इंग्लंडमधल्या डोंगररांगेवरून जाणारी, 1965 मध्ये खुली झालेली पेनाइन वे ही 268 मैलांची, म्हणजे सुमारे 430 किलोमीटरची पायवाट इथूनच निघते आणि स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. तिच्या पहिल्याच टप्प्यात 'जेकब्ज लॅडर' नावाची दगडी चढण किंडरच्या कडेवर आणून सोडते. चढताना खडक बदलतो. खाली पापुद्रे सुटणारा ठिसूळ शेल, वर ग्रिटस्टोन हा जाडाभरडा वालुकाश्म. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या डोंगरांतून येणाऱ्या मोठ्या नद्यांनी त्रिभुज प्रदेशात ओतलेली ही वाळू. हात फिरवला की गारगोटीचे खडे बोटांना लागतात. पूर्वी यातूनच दळायची जाती घडवायचे. खालचा शेल मात्र भरवशाचा नाही. दरीपलीकडच्या मॅम टॉरचा उतार इतका सरकतो की तिथला मोटाररस्ता दुरुस्त करून करून अखेर 1979 मध्ये कायमचा बंद केला. उसवलेलं, दुमडलेलं डांबर अजून तिथंच आहे आणि त्यावरून चालता येतं. भूस्खलन म्हणजे काय हे शाळकरी मुलांना दाखवायला याहून चांगली जागा माझ्या माहितीत नाही.

कडेवर पोचलं की माती सुरू होते. तिला माती म्हणणं तसं चूकच. ते पीट आहे: हजारो वर्षं न कुजता साचत गेलेल्या वनस्पती. जाडी कुठं एक मीटर, कुठं दोन-तीन. चांगल्या परिस्थितीत वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर भर पडते, तेव्हा पायाखालच्या थराच्या वयाचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. धडधाकट पीटच्या वजनात दहातले नऊ भाग पाणीच असतं.

इथं कुणी विचारेल, पाऊस तर महाबळेश्वरला याच्या कितीतरी पट पडतो, मग तिथं पीट का नाही? कारण पाऊस किती यापेक्षा तो कसा पडतो याला महत्त्व आहे. पेनाइनच्या माथ्यावर बाराही महिने रिपरिप असते, हवा थंड असते, जमीन कधी वाळतच नाही. सह्याद्रीत चार महिने धो धो आणि आठ महिने ऊन. त्या उन्हात आणि उबेत पालापाचोळा पुरता कुजून जातो.

पण नुसतं ओलं आणि थंड असून भागत नाही. पीट साचवण्याचं काम मुख्यतः स्फॅग्नम नावाचं शेवाळ करतं. किंडरवर एखाद्या डबक्याच्या काठाला त्याची हिरवी, कधी लालसर गादी दिसते. एक तुरा चिमटीत धरून दाबला की पाण्याची धार लागते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरू शकतं. याचं गुपित सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. पान एकाच पेशीच्या जाडीचं. त्यात दोन तऱ्हेच्या पेशी: अन्न तयार करणाऱ्या अरुंद हिरव्या, आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, पारदर्शक, मेलेल्या. या मेलेल्या पेशी म्हणजे रिकाम्या टाक्या. भिंतींना भोकं आहेत आणि त्या चेपू नयेत म्हणून आतून वेटोळे धागे आहेत. सगळं पाणी त्यांच्यात. वरून शेवाळ वाढत राहतं, खालून मरत राहतं. शिवाय ते भोवतीच्या पाण्यातले कॅल्शियमसारखे आयन शोषून बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतं, म्हणजे आजूबाजूला आंबट करून ठेवतं. आंबट पाण्यात कुजवणाऱ्या जंतूंचा जोर चालत नाही.

त्यातली एक खुबी तर मला फारच आवडते. साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोचत नाही. वनस्पतींमधली फेनॉलजातीची रसायनं मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू लागतो, तो नसल्यानं विकर ठप्प होतं आणि ती रसायनं साठत जातात. साठलेली रसायनं मग कुजवणाऱ्या इतर विकरांनाही काम करू देत नाहीत. एक कडी लागली की सगळा कारखाना बंद. उलट पीट वाळलं, हवा आत शिरली, की ही कडी निघते आणि हजारो वर्षं कोंडलेला कार्बन वायू होऊन निघून जाऊ लागतो. पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग पीटनं व्यापलेला आहे, पण जगभरच्या मातीतल्या एकूण कार्बनपैकी साधारण तिसरा हिस्सा त्यात आहे. म्हणून या चिखलाची एवढी काळजी.

आता दुखण्याकडे येऊ. स्फॅग्नमला मुळं नाहीत. पानांवर मेणाचा थरही नाही. पावसात जे असेल ते थेट पेशीत. आणि इथला वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा. त्या दिशेला पंचवीस-तीस किलोमीटरवर मँचेस्टर, आसपास लँकेशायरची गिरणगावं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं दगडी कोळसा जळत होता आणि त्यातला गंधक धुरातून पावसात उतरत होता. मँचेस्टरच्या पावसात आम्ल आहे हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं 1852 मध्येच मांडलं होतं. 'आम्लवर्षा' ही संज्ञाही त्यानंच 1872 मध्ये रूढ केली. तोवर डोंगरावरचं शेवाळ मरायला लागून कैक दशकं झाली होती. घळीच्या कापलेल्या भिंतीतून वैज्ञानिक पीटचा उभा नमुना काढतात, तेव्हा वरच्या थरात काजळी आणि शिसं सापडतं. त्याच सुमाराला स्फॅग्नमचे अवशेष विरळ होत जातात.

त्या गिरण्यांशी आपलाही जुना संबंध आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस आटला आणि लँकेशायरनं मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला त्या वर्षांत आलेला भाव आणि नंतर मुंबईच्या शेअरबाजाराचा उडालेला बोजवारा आपल्या इतिहासात आहे. त्याच गिरण्यांच्या धुराड्यांनी किंडरचं काय केलं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

शेवाळ गेल्यावर पीट उघडं पडलं. मेंढ्यांनी उरलंसुरलं खाल्लं, वणव्यांनी जाळलं. हिवाळ्यात उघड्या पीटच्या पृष्ठभागावर बर्फाच्या सुया उगवतात आणि कण न् कण उचलतात. ते सैल झालेले कण मग वारा आणि पाणी घेऊन जातं. अशानं त्या खोल घळी पडल्या. डोंगर वाहून जातो तो खालच्या जलाशयांत. ते गाळानं भरतात, पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि ते नितळ करण्याचा खर्च पाणीपुरवठा कंपन्यांच्या माथी बसतो.

गंमत अशी, की धूर सोडणाऱ्या गिरण्यांतले कामगारच रविवारी धुरापासून सुटायला या डोंगरांकडे धावत. पण माथे जमीनदारांचे, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. 24 एप्रिल 1932 रोजी हेफील्ड गावातून बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकारानं काही शे लोक मनाई मोडून किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, रॉथमनसह पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. याचं सगळं श्रेय त्या एका दिवसाला देणं मला अतिशयोक्तीचं वाटतं, चळवळ आधीपासून चालू होती. तरी हेफील्डच्या बाजूनं चढायचं तर ही हकीकत ठाऊक असलेली बरी.

हवा आता पुष्कळ स्वच्छ आहे, पण उघडं पीट आपोआप भरून येत नाही. त्याचा सामू (pH) साडेतीनच्याही खाली गेलेला असतो. गवतसुद्धा रुजत नाही. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत चक्क हेलिकॉप्टरनं डोंगरावर चुना, खत आणि गवताचं बी टाकलं गेलं. घळींच्या उभ्या काठांवर तागाची जाळी अंथरली, उघड्या जागी हेदर या झुडपाच्या कापलेल्या फांद्या पसरल्या आणि घळींत दगडांचे, लाकडी फळ्यांचे छोटे बांध घातले. आपल्याकडचं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' तिथं निम्मंच लागू: पाणी अडवायचं, पण जिरू द्यायचं नाही, वरच राखायचं. गवतानं जमीन धरली की शेवटी स्फॅग्नमची हातानं लावणी. पाऊस पडल्यावर ओढ्यांना येणारा लोंढा यामुळे मंदावतो, असं मोजणीतून दिसून आलं आहे. किंडरच्या कडेवरून फिरताना हे बांध जागोजागी दिसतात. त्यांवरून उड्या मारत जाऊ नये.

या दुरुस्तीचा खरा फरक बघायचा तर उत्तरेला ब्लॅक हिलवर जावं. 582 मीटरचा हा माथा एकेकाळी नावाप्रमाणे काळाकुट्ट, गुडघाभर राड्याचा होता. सर्वेक्षणाचा खांब पीटच्या एका उरलेल्या उंचवट्यावर तेवढा तग धरून होता. आज खांबाभोवती हिरवळ आहे, आणि जूनमध्ये कॉटनग्रासचे पांढरे बोंड वाऱ्यावर हलतात. पायवाटेवर मोठमोठ्या फरश्या टाकल्या आहेत, कारण हजारो बूट पीटचा चिखल करतात. यातल्या बऱ्याच फरश्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या आहेत. नीट बघितलं तर काहींवर यंत्रं बसवण्यासाठी पाडलेली भोकं दिसतात. ज्यांच्या धुरानं डोंगर मेला, त्यांचीच फरशी आता त्याच्या अंगावर.

किंडर आणि ब्लॅक हिल यांच्या मधला ब्लीकलो, 633 मीटर, धुक्यात चकवा लावणारा. होकायंत्र वापरता येत नसेल तर वाटेला जाऊ नये. त्याच्या हायर शेल्फ स्टोन्स या टोकाजवळ 1948 मध्ये कोसळलेल्या अमेरिकी बी-29 विमानाचे तुकडे अजून पीटमध्ये विखुरले आहेत. तेरा माणसं गेली. तिथं लोक आवाज खाली करून बोलतात. हिवाळ्यात याच भागात पांढरे डोंगरी ससे दिसतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आणून सोडलेल्या सशांची ही प्रजा. बर्फ न पडलेल्या काळ्या डोंगरावर पांढरा ससा लांबूनही नजरेत भरतो, ते त्याच्या फायद्याचं नाही.

चुनखडीचा नाद असलेल्यानं यॉर्कशरच्या इंगलबरोला जावं, 723 मीटर. वर ग्रिटस्टोनची टोपी, खाली चुनखडी. त्यामुळे माथ्याकडून येणारा फेल बेक हा ओढा चुनखडीशी पोचताच गेपिंग गिल या विवरात सुमारे शंभर मीटर खाली कोसळतो. तळापर्यंत पहिल्यांदा उतरला तो एदुआर मार्तेल हा फ्रेंच माणूस, 1895 मध्ये. आता वर्षातून दोनदा गुहाप्रेमींचे क्लब पाळणा लावून हौशी लोकांना खाली सोडतात.

राहिला क्रॉस फेल. 893 मीटर, पेनाइनमधला सर्वांत उंच, आणि ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेल्या एकमेव वाऱ्याचं घर. त्या वाऱ्याला 'हेल्म' म्हणतात. ईशान्येचा वारा पूर्वेकडच्या लांब, मंद उतारानं वर येतो आणि पश्चिमेकडच्या तीव्र उतारावरून ईडन खोऱ्यात कोसळतो. माथ्याच्या थोडं वर उबदार हवेचा थर असेल तर त्या झाकणाखाली वारा दाबला जातो, वेग घेतो, आणि पुढे हवेत लाट उठते. माथ्यावर एक ढग टोपीसारखा बसतो. काही किलोमीटर पुढे, लाटेच्या उंचवट्यावर दुसरा पट्ट्यासारखा ढग उभा राहतो. वारा त्यातून वाहत असतो, तरी ढग जागचा हलत नाही. लाटेच्या चढावर थेंब बनतात आणि उतारावर विरतात. 1930 च्या दशकात गॉर्डन मॅन्ली यांनी शेजारच्या ग्रेट डन फेलवर लाकडी झोपडी ठेवून याच्या नोंदी घेतल्या. आज त्या माथ्यावर विमानवाहतुकीच्या रडारचा पांढरा घुमट आहे. हेल्म सुटलेला असताना वर जाऊन काही दिसत नाही, उभंही राहवत नाही. दोन्ही ढग एकदम बघायचे तर पायथ्याच्या मिलबर्नसारख्या गावात थांबावं.